अतिदुर्मिळ नाणं हाती आलं की आधी काय करावं

काकांचा नाण्यांचा संग्रह तुमच्याकडे आला. त्यातलं एक चांदीचं नाणं पाहून एका जाणकारानं सांगितलं की हे फार दुर्मिळ आहे, अशी नाणी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील. नाणं काळपट पडलंय, जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात आहे आणि कडेजवळ हिरवट, चिकटसं काहीतरी दिसतंय. ते साफ कसं करायचं, ठेवायचं कशात आणि दाखवायचं कोणाला, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई झाली तर पुढच्या दोन प्रश्नांना फारसा अर्थ उरत नाही. साफ करू नका. कापडानं पुसूही नका.

तुमची खरी अडचण साफसफाईची नाहीच. हे नाणं नेमकं काय आहे ते अजून कळलेलं नाही, आणि तरीही त्याच्याबाबत निर्णय घ्यायची वेळ आली आहे, ही खरी अडचण आहे. अस्सल की नक्कल, काळेपणा जुना की अलीकडचा, हिरवं ते काय, मालकीचे कागद आहेत की नाहीत, यातलं काहीच पक्कं नाही. अशा वेळी मी एकच निकष लावतो: आज जे करतोय ते उद्या मागे घेता येईल का? पाकीट बदलणं मागे घेता येतं. फोटो काढल्यानं, वजन केल्यानं नाण्यात काही फरक पडत नाही. घासणं आणि द्रावणात बुडवणं मात्र कायमचं असतं. नाण्यांचं मूल्यांकन आणि जतन हे माझं रोजचं काम आहे. खराब झालेली जी उत्तम नाणी माझ्या टेबलावर येतात, त्यांतली बरीचशी मालकानंच चांगल्या हेतूनं केलेल्या उपचारांमुळे बिघडलेली असतात. म्हणून इतकं कळकळीनं लिहितोय.

नाण्याचं मोल कुठे असतं ते पाहा. दोन ठशांच्या मध्ये कोरी चकती दाबली जाते तेव्हा धातू मधून कडेकडे किंचित सरकतो. त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्याच्या अंगावर राहतात. न वापरलेलं चांदीचं नाणं एका दिव्याखाली धरून हळूहळू तिरपं करत फिरवलं, तर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे मध्याभोवती फिरताना दिसतात. मूळ चकाकी म्हणतात ती हीच. या रेषा इतक्या उथळ असतात की मऊ सुती कापडाचा एक फेरासुद्धा त्यांच्यावर बारीक ओरखडे पाडतो. कापड मऊ असतं, पण त्यात अडकलेली धूळ मऊ नसते. पुसलेलं नाणं झगझगीत दिसतं खरं, पण दिव्याखाली तिरपं केलं की प्रकाश फिरत नाही, जागच्या जागी पांढरट पसरून राहतो आणि एकाच दिशेनं गेलेल्या केसासारख्या रेषा उमटतात. सरावलेल्या डोळ्याला हे भिंगाशिवायही कळतं. आरशासारखी पार्श्वभूमी असलेली प्रूफ नाणी तर याहूनही नाजूक.

चांदी उजळवण्याची जी द्रावणं मिळतात त्यांत बहुधा आम्ल आणि थायोयुरिया असतं. काळा थर त्यांनी झटकन जातो. पण तो थर म्हणजे वरून बसलेला मळ नाही. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी संयोग पावलेली ती नाण्याचीच चांदी आहे. थर गेला की तेवढी चांदी गेली आणि तिच्याबरोबर त्या सूक्ष्म रेषाही बोथट झाल्या. टूथपेस्ट, सोडा, आंबट रस हे घरगुती उपाय तर त्याहून वाईट, कारण त्यांत घासणंही आलं.

शिवाय काळपटपणा हा दरवेळी दोषच असतो असंही नाही. सिल्व्हर सल्फाइडचा थर पातळ असतो तेव्हा प्रकाशाच्या खेळामुळे तो आधी पिवळसर सोनेरी, मग जांभळा, निळा दिसतो. जाड होत गेला की करडा आणि शेवटी काळा. कडेकडून मध्याकडे हळूहळू उतरत गेलेले असे रंग जाणत्या संग्राहकाला हवेसे वाटतात, कारण नाणं दीर्घकाळ कोणी छेडलेलं नाही हे त्यातून कळतं. उलट थर जाड आणि खरखरीत झाला असेल, तर त्याखालचा पृष्ठभाग आधीच खाल्ला गेलेला असू शकतो आणि तो उघडा करून हाती काहीच लागत नाही. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येतं: हात लावू नका.

हे सगळं धातूवर आणि काळावर अवलंबून आहे, हेही सांगायला हवं. उच्च शुद्धतेचं सोनं सहसा डागाळत नाही, पण मऊ असल्यामुळे नुसत्या टेकण्यानंही खूण पडते. तांब्याचा मूळ लालसर रंग एकदा तपकिरी झाला की कोणत्याही उपायानं तो खऱ्या अर्थानं परत येत नाही. शिशाच्या नाण्यांना, उदाहरणार्थ सातवाहनांच्या, लाकडातून निघणाऱ्या आम्लांच्या वाफा सोसत नाहीत. अंगावर पांढरी भुकटी धरते. आणि प्राचीन नाण्यांची गोष्टच वेगळी. त्यांतली बहुतेक जमिनीतून निघालेली असल्यामुळे कधी ना कधी साफ झालेलीच असतात. तिथे साफ केलं की नाही असं कोणी विचारत नाही, कसं केलं आणि कुठे थांबलं ते पाहिलं जातं. पण तेही काम संवर्धकाचं, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या प्रशिक्षित माणसाचं. सूक्ष्मदर्शकाखाली, कणाकणानं चालणारं.

आता त्या हिरव्या, चिकट गोष्टीकडे येतो, कारण तुमच्या वर्णनातली तातडीची गोष्ट तेवढी एकच आहे. नाण्यावरचं हिरवं तीन प्रकारचं असू शकतं. दहापट भिंगाखाली पाहिलं तर फरक बऱ्यापैकी कळतो. पहिला प्रकार पीव्हीसीचा, म्हणजे जुनी मऊ पाकिटं ज्या प्लास्टिकची असत त्याचा: अर्धपारदर्शक, ओलसर दिसणारा थर किंवा थेंब, पृष्ठभागाच्या वर बसलेला, अक्षरांच्या कोपऱ्यांत साचलेला. दुसरा तांब्याच्या क्षारांचा: अपारदर्शक, कडक, धातूला घट्ट धरून असलेला. तिसरा सगळ्यांत वाईट, ब्राँझचा रोग: खड्ड्यांतून वर येणारी फिकट हिरवी भुकटी, जी झटकली तरी काही दिवसांनी परत दिसते. हा तांबं आणि ब्राँझच्या नाण्यांना होतो. धातूत शिरलेली क्लोराइडं ओलाव्याच्या आणि ऑक्सिजनच्या सान्निध्यात आम्ल तयार करतात, ते आम्ल आणखी तांबं खातं आणि हे चक्र चालूच राहतं. असं नाणं दिसलं तर ते लगेच कोरड्या डबीत वेगळं ठेवून संवर्धकाकडे न्यायचं.

तुमचं नाणं चांदीचं आहे, मऊ प्लास्टिकमध्ये आहे आणि हिरवं चिकट आहे, त्यामुळे माझा संशय पीव्हीसीवर आहे. पाकीट मऊ राहावं म्हणून पीव्हीसीत प्लास्टिसायझर मिसळतात. वर्षं उलटली की ते पाझरतं, प्लास्टिकही हळूहळू विघटित होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं आणि मिश्रधातूतलं तांबं त्यात हिरवं होतं. म्हणून ते पाकीट आजच बदला.

शुद्ध ॲसिटोन हा चिकट थर विरघळवतं आणि चांदी, सोनं, तांबं यांना स्वतः काही करत नाही, हे खरं आहे. साध्या नाण्यासाठी मी ते सुचवतोही: काचेच्या भांड्यात, अजिबात न घासता, खेळत्या हवेत, ज्योतीपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल, रंग, सुगंध असं बरंच काही मिसळलेलं असतं. पण तुमचं नाणं साधं नाही. जुन्या संग्रहातल्या नाण्यांवर पूर्वी कोणी लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, पातळ हात दिलेला असतो, कोणी मोकळ्या जागेत शाईनं बारीक संग्रह-क्रमांक लिहिलेला असतो. ॲसिटोन या दोन्ही गोष्टी काढून टाकू शकतं. तो क्रमांक म्हणजे हे नाणं पूर्वी कोणाकडे होतं याचा कदाचित एकमेव पुरावा. तेव्हा पाकीट बदलून थांबा. कारण दूर झालं की नुकसान मंदावतं आणि तेवढ्या अवधीत योग्य माणूस गाठता येतो.

पाकीट बदलण्याची कृती मात्र नीट सांगतो, कारण ओरखडे नेमके इथेच पडतात. टेबलाशी बसून करा, उभ्यानं नाही. टेबलावर मऊ, स्वच्छ, जाडसर गादी किंवा घडी घातलेलं धुतलेलं जाड कापड पसरा, नाणं हातातून सुटलं तर गादीबाहेर जाणार नाही इतकं रुंद. अंगठी, घड्याळ काढून ठेवा, टेबलावर पेय नको, पंखा बंद. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा आणि त्यानंतर चेहऱ्याला लावू नका. आता पाकिटातून नाणं ओढू नका, बोटानं ढकलूही नका. ते प्लास्टिकला चिकटलेलं असू शकतं आणि घसरताना नाण्याचा सर्वांत उंच भाग, बहुधा चेहऱ्याचा गाल किंवा केस, त्यावर घासला जातो. कात्रीनं पाकिटाच्या तीन कडा नाण्यापासून लांबून कापा आणि वरचा पदर पुस्तकाच्या पानासारखा न ओढता, हलकेच दुमडत उचला. नाणं खालच्या पदरावर उघडं पडेल. मग अंगठा आणि तर्जनी यांनी फक्त कडेवर धरून ते उचला आणि नव्या डबीत ठेवा. या सगळ्यात नाण्यावर तोंड करून बोलू नका. थुंकीचे न दिसणारे कण चांदीवर आणि तांब्यावर पुढे ठिपके बनून राहतात. धूळ दिसली तर फुंकर नको, रबरी फुग्याचा हवेचा पंप वापरा. संग्रहातली दुसरी नाणी पिनांनी बंद केलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटींत असतील तर आधी सगळ्या पिना काढा, मगच चौकट उघडा. पिनेचं टोक नाण्यावरून गेलं की तो ओरखडा कायमचा.

हातमोज्यांबद्दल आमच्या क्षेत्रात एकमत नाही. मला सुती मोजे नको वाटतात. बोटांना कडेचा अंदाज येत नाही, नाणं निसटतं, धागा खडबडीत जागी अडकतो आणि घाम आरपार जातो. लेटेक्सही नको, त्यात गंधकाची संयुगं असू शकतात. पावडर नसलेले नायट्राइलचे घट्ट बसणारे मोजे चकाकदार चांदी, तांबं आणि प्रूफ नाण्यांसाठी उत्तम. प्राचीन, वेड्यावाकड्या कडेची नाणी मात्र मी धुतलेल्या कोरड्या हातांनी कडेवर धरतो, कारण तिथे पकड जास्त महत्त्वाची असते. बोटाचा ठसा सपाट पृष्ठभागावर पडला तर लगेच काही दिसत नाही. घामातले क्षार आणि आम्लं काम करत राहतात आणि काही काळानंतर ठशाची एकेक रेष तपकिरी होऊन वर येते. तांब्यावर तर ती कोरल्यासारखी बसते.

दुसऱ्याला दाखवताना हातातून हातात देऊ नका. तुम्ही नाणं गादीवर ठेवा, हात मागे घ्या, मग समोरच्यानं उचलावं. परत येताना तसंच. एका वेळी टेबलावर एकच नाणं. यात अविश्वासाचा भाग नाही. ‘मी सोडलं, तुम्ही धरलं नाही’ असा क्षणच येऊ नये म्हणून सगळे जाणते लोक हे पाळतात. प्राचीन चांदीच्या बाबतीत तर हे फार गंभीर आहे. शतकानुशतकं पडून राहिलेल्या चांदीत मिसळलेले इतर धातू कणांच्या सीमांवर साचत जातात, धातू आतून ठिसूळ होतो आणि असं नाणं टेबलाच्या उंचीवरून पडलं तर दोन तुकडे होऊ शकतात.

याच कारणासाठी नाणं टणकन वाजवून आवाजावरून खरं-खोटं ठरवण्याचा प्रयोग कोणालाही करू देऊ नका. सराफाकडेही परखायला नेऊ नका. कसोटीच्या दगडावर ओढणं किंवा आम्लाचा थेंब टाकणं हे दागिन्यासाठी ठीक, नाण्याच्या कडेवरचा तो एक घासा कायमचा राहतो. तुम्ही स्वतः करू शकता असं एवढंच: ग्रॅमच्या शतांशापर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन, प्लास्टिकच्या कॅलिपरनं व्यास (धातूचे जबडे नकोत), आणि फोटो. पाण्यात तोलून घनता काढता येते, शुद्ध चांदीची दर घन सेंटिमीटरला १०.४९ ग्रॅम आणि सोन्याची १९.३ ग्रॅम असते, पण ओलं करावं लागतं, म्हणून अशा नाण्यावर ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणाऱ्या एक्स-रे फ्लुरोसन्सच्या यंत्राचा आकडा पाहून लगेच निश्चिंत होऊ नका. ते यंत्र मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंतच पाहतं. जाड मुलामा असेल तर आतला धातू त्याला दिसत नाही, आणि जुन्या चांदीच्या पृष्ठभागातलं तांबं झिजून गेलेलं असेल तर शुद्धता आहे त्याहून जास्त दिसते.

फोटो मात्र भरपूर काढा. दोन्ही बाजू सरळ वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून, एकदा दिवा डावीकडून, एकदा उजवीकडून. कडेचे फोटो पूर्ण वर्तुळाचे. प्रत्येक ओरखडा, खड्डा, चीर यांची लेखी नोंद ठेवा. पुढे नाणं तपासणीला, वाहतुकीत, विम्याच्या दाव्यात किंवा वादात गेलं, तर हे तेच नाणं आहे हे सिद्ध करायला या नोंदी लागतात.

ठेवायचं कशात? कठीण ॲक्रिलिकची, नाण्याच्या व्यासाला बसणारी डबी, किंवा मायलार, म्हणजे पॉलिएस्टरचं पाकीट. मायलार कडक असतं, म्हणून आत-बाहेर करताना जपावं. फोमच्या कड्या असलेल्या डब्या मी दीर्घकाळासाठी टाळतो, फोम कालांतरानं विघटित होतो. आसपास ओक किंवा कच्चं लाकूड, लोकर, साधा पुठ्ठा नको. रबरबँड तर नकोच. रबरातल्या गंधकानं चांदीवर काळी पट्टी उमटते, अगदी कागदाच्या पुडीतूनही. आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर असावी. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण नाण्याला टेकवून नाही, आणि रंग बदलला की वाळवा किंवा बदला. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: आगप्रतिबंधक तिजोरीच्या भिंतींतलं भरण पाणी धरून ठेवणारं असतं, आगीत त्याचीच वाफ होऊन आतल्या वस्तू वाचतात, पण एरवी त्या ओलाव्यानं आतली हवा दमट राहू शकते. अशा तिजोरीत ठेवणार असाल तर डबी हवाबंद पेटीत, सिलिका जेलसह ठेवा आणि आत छोटा आर्द्रतामापक असू द्या. थंड जागेतून आणलेली डबी लगेच उघडू नका, नाहीतर नाण्यावर बाष्प धरेल.

इथपर्यंतचं थोडक्यात: पुसायचं नाही, आज मऊ प्लास्टिकमधून काढायचं, कडेवर धरायचं, मोजून-फोटो काढून ठेवायचं, कोरड्या आणि स्थिर जागी ठेवायचं. यातलं काहीही उद्या मागे घेता येतं.

आता ज्या भागाकडे नवखे मालक सर्वांत कमी लक्ष देतात तो: कागद. काकांच्या पुड्या, चिठ्ठ्या, पावत्या, जुन्या लिलावांच्या पुस्तिका, पत्रं, यातलं काहीही टाकू नका. नाण्याखाली ठेवलेली पिवळी पडलेली चिठ्ठी कचरा वाटते, पण तिच्यावरचं हस्ताक्षर शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या ख्यातनाम संग्राहकाचं असू शकतं. जुना कागद नाण्याला अपायकारक असतो, म्हणून तो वेगळ्या पाकिटात, त्याच क्रमांकाखाली ठेवा. नाणं आणि चिठ्ठी एकत्र ठेवायची नाहीत, पण त्यांची जोडी तुटूही द्यायची नाही.

अतिदुर्मिळ नाण्याच्या बाबतीत मालकीचा माग किती निर्णायक ठरतो याची दोन उदाहरणं जगजाहीर आहेत. अमेरिकेचं १९३३ सालचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, डबल ईगल. ४,४५,५०० नाणी पाडली गेली, पण सोन्याचं चलन बंद झाल्यामुळे ती वितरित न होता १९३७ मध्ये वितळवली गेली. थोडी निसटली. त्यातलं एक सरकारशी झालेल्या तडजोडीनंतर २००२ मध्ये कायदेशीररीत्या विकलं गेलं आणि २०२१ मध्ये पुन्हा लिलावात १ कोटी ८० लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. दुसरीकडे एका कुटुंबानं अशीच दहा नाणी २००४ मध्ये अस्सलतेच्या तपासणीसाठी टांकसाळीकडे दिली. नाणी अस्सल निघाली आणि सरकारनं ती परत केली नाहीत. खटला अनेक वर्षं चालून कुटुंब हरलं. धातू तोच, ठसा तोच, फरक फक्त हक्काचा. दुसरं उदाहरण ब्रूटसचं, म्हणजे रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझर याच्या मारेकऱ्यांपैकी एकाचं, त्या हत्येनंतर पाडलेलं, दोन खंजीर आणि टोपीचं चित्र असलेलं सोन्याचं नाणं. २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ते विक्रमी किमतीला गेलं. पुढे त्याच्या मालकीचा इतिहास बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आलं.

म्हणून तपासणीला देण्याआधी पुरातन वस्तूंच्या कायद्याची माहिती असलेल्या वकिलाशी बोला. गुप्तधन, पुरातन वस्तूंची नोंदणी, निर्यात यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. काकांनी हे कधी आणि कोणाकडून घेतलं, हे दाखवणारा एखादा कागद मिळाला तर पुष्कळ काम होतं. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे, त्यामुळे त्याआधीच्या संग्रहात नाणं होतं हे सिद्ध झालं तर व्यवहारात त्याला विशेष वजन येतं.

मग दाखवायचं कोणाला? ज्याला विकत घ्यायचंय त्याच्याकडून मूल्यांकन करून घेऊ नका, तो कितीही सज्जन असला तरी. ठरलेली फी घेणारा, किमतीच्या टक्केवारीवर नसलेला तज्ज्ञ निवडा. शक्य असेल तर दोघांची मतं घ्या आणि पहिल्यानं काय सांगितलं ते दुसऱ्याला आधी सांगू नका. संग्रहालयांचे नाणे-विभाग बाजारभाव सहसा सांगत नाहीत, पण ओळख पटवायला मदत करू शकतात.

इतक्या दुर्मिळ नाण्याच्या ज्ञात नमुन्यांची बहुधा छायाचित्रांसह यादी झालेली असते. म्हणून तज्ज्ञ पहिल्यांदा विचारेल: हे त्या यादीतलंच एक, की नवीन सापडलेलं? चकतीची चीर, जुना ओरखडा, ठशाची मध्यापासूनची सरक यांवरून ते जुळवता येतं. यादीतलं निघालं तर त्याचा सगळा प्रवास हाती येतो. चोरीची नोंद असेल तर तीही तिथेच कळते. आणि दोन नाण्यांवर अगदी तोच ओरखडा त्याच जागी दिसला, तर किमान एक तरी नक्कल आहे, कारण हाताळताना पडलेली खूण दोन नाण्यांवर सारखी येत नाही, तशी सारखी खूण नकलेच्या साच्यातूनच येते.

एकाच माणसाच्या ‘खोटं आहे’ या शब्दावर नाणं टाकूनही देऊ नका. अमेरिकेच्या १९१३ च्या लिबर्टी हेड निकेलची, म्हणजे पाच सेंटच्या नाण्याची, फक्त पाच नाणी ज्ञात आहेत. त्यातलं एक ज्या संग्राहकाकडे होतं तो १९६२ मध्ये मोटार अपघातात गेला. ते नाणं तारीख बदललेली नक्कल आहे असा निर्वाळा दिला गेला आणि ते चार दशकं घरातच पडून राहिलं. बहिणीनं ते टाकलं नाही, हे महत्त्वाचं. २००३ मध्ये इतर चार नाणी एकत्र आणली गेली, तज्ज्ञांनी पाचही शेजारी ठेवून तपासली आणि हे अस्सल ठरलं. २०१३ मध्ये ते ३० लाख डॉलरहून जास्त किमतीला विकलं गेलं.

ग्रेडिंगबद्दल, म्हणजे नाण्याच्या स्थितीला आकडा देण्याबद्दल, थोडंच सांगतो. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० ची मोजपट्टी आज जगभर वापरतात. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या संस्थांनी नाणं तपासून, सीलबंद प्लास्टिकच्या चौकटीत, म्हणजे स्लॅबमध्ये, देण्याची पद्धत रूढ केली. साफ केलेल्या किंवा इजा झालेल्या नाण्याला साधा आकडा न देता ‘डिटेल्स’ असा शेरा मिळतो आणि किंमत खूप खाली येते. आधुनिक यंत्रावर पाडलेलं नाणं असेल तर स्लॅब उपयोगी. प्राचीन नाण्याला तो हवाच असं नाही, बरेच अभ्यासू संग्राहक ते उघडंच पसंत करतात. स्लॅब पूर्ण हवाबंद नसतो, तेव्हा आर्द्रतेची काळजी तशीच. संग्रहात आधीच स्लॅबमधलं नाणं असेल तर फोडू नका, त्यावरचा क्रमांक संस्थेकडे पडताळा. बनावट स्लॅबही असतात.

नाणं देताना वजन, फोटो, वर्णन आणि जबाबदारीची मर्यादा लिहिलेली पोच घ्या. शक्यतो स्वतः घेऊन जा. पाठवायचंच असेल तर पूर्ण किमतीचा वाहतूक विमा, आत नाणं हलणार नाही असं पॅकिंग आणि बाहेर आत काय आहे याचा मागमूस नाही. घरगुती विम्यात अशा वस्तूंना सहसा मर्यादा असते, म्हणून आधी ठरवलेल्या मूल्याचा वेगळा विमा पाहा. आणि सध्या ही गोष्ट कमीत कमी लोकांना सांगा. फोनवर काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये जागेची माहिती दडलेली असते, ती काढल्याशिवाय तो कोणालाही पाठवू नका.

शेवटचं, काकांच्या बाकीच्या नाण्यांबद्दल. या एका नाण्याच्या नादात ती विकून किंवा वाटून टाकू नका. तीच चिठ्ठ्यांची पद्धत, तेच हस्ताक्षर, तेच क्रमांक इतर पाकिटांवर असतील, आणि काकांनी ही नाणी कधी, कोणाकडून घेतली हे त्या क्रमावरूनच उलगडू शकतं. ती नाणीही बहुधा त्याच मऊ प्लास्टिकमध्ये असतील. त्यांचीही पाकिटं बदला, पण प्रत्येक पाकिटावरचा मजकूर फोटोत आणि वहीत उतरवल्याशिवाय एकही पाकीट फेकू नका.